उपटलेली सहा रोपं

मी ज्वारीच्या मुलखातली. आमच्याकडे भात शिजायचा तो पाहुणे आले तर, नाहीतर कुणाचं पोट बिघडलं तर. पंचविशी उलटेपर्यंत मी भाताचं उभं रोप पाहिलेलं नव्हतं आणि आता त्याच रोपाच्या जिवावर माझं पोट चाललंय. मुळशीत एका खाजगी संशोधन केंद्रात मी भाताच्या रोगांवर काम करते. राहायला सूसला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. सकाळी स्कूटर काढायची, डंपरच्या मागे धूळ खात जायचं आणि दिवसभर काचेच्या नळ्यांमध्ये डोकं घालून बसायचं. खऱ्या अर्थानं भात ओळखणारं माणूस त्या केंद्रात एकच होतं आणि हजेरीपटावर ते मजूर म्हणून लागलेलं होतं.

त्यांना सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायचे. साठीच्या आसपासच्या, काटक, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. आमच्या केंद्राची जमीन मुळात त्यांच्या भावकीची. सगळ्यांनी विकली तेव्हा त्यांच्या घरानंही विकली. आलेल्या पैशात घरावर खोल्या चढवल्या, त्यात कंपन्यांत काम करणारी पोरं भाड्यानं राहतात. म्हणजे मजुरीवाचून त्यांचं काही अडलेलं नव्हतं. मी पहिल्याच आठवड्यात भोचकपणानं विचारलं होतं, मग येता कशाला?

"भाताला हात लागला न्हाई तर पावसाळा सरत न्हाई ताई," त्या म्हणाल्या. "आता आमचं सोताचं भाताचं खाचर कुटं राह्यलंय? तुमचं ह्ये जाळीघर हाय न्हवं, हितंच आमचं वरचं खाचर व्हतं."

जाळीघर म्हणजे चारी बाजूंनी बारीक जाळी लावलेला मांडव. आत शेकडो कुंड्या, प्रत्येक कुंडीत भाताचं एक रोप, प्रत्येकाला नंबर. पाणी घालणं, तण काढणं, रोगट रोप दिसलं तर बाजूला करणं हे मावशींचं काम. त्यातलं शेवटचं त्यांच्याइतकं कुणालाच जमायचं नाही. करपा हे इकडच्या भाताचं जुनं दुखणं. पानावर आधी सुईच्या टोकाएवढा डाग येतो, मग तो डोळ्याच्या आकाराचा होतो, आणि तोवर बाजूची दहा रोपं गेलेली असतात. मावशींना तो सुईच्या टोकाएवढा असतानाच दिसायचा. गावातल्या बायका रोप टाकलं की त्यांना मुद्दाम बोलावून न्यायच्या. त्या बांधावरून नुसत्या चालत जायच्या, मध्येच वाकायच्या आणि चार काड्या उपटून हातात घ्यायच्या. तेवढ्यानं त्या घरचा घोर मिटायचा. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

माझं काम काय, हे आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी कधीच कुणाला धड सांगू शकलेले नाही. इथं प्रयत्न करते. झाडाला रोग आला तर पळून जाता येत नाही. आपल्यासारख्या अंगभर फिरणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्याला नाहीत. प्रत्येक पेशीला आपलं आपण निभवावं लागतं. त्यासाठी पेशीच्या आवरणात काही प्रथिनं अर्धी बाहेर, अर्धी आत अशी रुतून बसलेली असतात. त्यांना ग्राही म्हणतात. बाहेरचं टोक बुरशीचा किंवा जिवाणूचा तुकडा ओळखतं, आतलं टोक आत वर्दी देतं. पण हे एवढं सरळ असतं तर माझी गरज नव्हती. ग्राहीच्या आतल्या टोकावर फॉस्फेटचे कण येऊन चिकटतात. एका जागी चिकटला तर वर्दी सुटते. दुसऱ्या एका जागी चिकटलेला असेल तर ग्राही गप्प बसून राहतो. काम संपलं की त्याच्यावर आणखी एक वेगळी, जरा मोठी खूण चढते आणि ती खूण पाहून पेशी त्याला ओढून नेते आणि त्याचे तुकडे करते. हे सगळं रोपात दिवसरात्र चालू असतं आणि बाहेरून पाहणाऱ्याला फक्त हिरवं पान दिसतं.

मावशींना मी एकदा हे सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फॉस्फेट म्हंजे खताच्या गोणीतलं?"

"तेच. पण डोळ्याला न दिसणारं."

"मंग दिसत न्हाई तर चिकटलंय ह्ये कसं कळतं?"

तीन वर्षं मी सेमिनारमध्ये बसले, इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि उत्तर असं आहे की फार घाई केली तरच कळतं. पान कापल्या क्षणी ते द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवावं लागतं, नाहीतर पेशीतलीच दुसरी प्रथिनं ते कण पुसून टाकतात. काही मिनिटांचा खेळ असतो. त्या मिनिटांत मला कुणी हाक मारली तर माझं डोकं फिरतं. माझं डोकं एरवीही लवकर फिरतं, पण तेव्हा जरा जास्तच.

आणि मावशींची सवय अशी की विचारल्याशिवाय पान तोडायचं नाही. रोपं सरकारी असोत की केंद्राची, दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा तर मालकाला विचारून, हा त्यांचा रिवाज. ठिपका दिसला की त्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. चप्पल बाहेर, हात पदराला पुसत. "ताई, जरा बघता का?" मी हातमोजे काढायचे, उन्हातून जाळीघरापर्यंत जायचे, बघायचे आणि दर वेळी तो करपाच असायचा. एकदाही त्या चुकल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात करपा जोरात होता. एका दिवसात त्या तिसऱ्यांदा दारात आल्या तेव्हा मी नुकतंच पान कापलं होतं. त्यांच्या हाकेनं वळले, चिमटा हातातून सुटला, पान जमिनीवर पडलं आणि एक अख्खी सकाळ वाया गेली. मी जे बोलले ते शब्दन् शब्द मला आठवतंय.

"मावशी, यापुढे मला विचारायला येऊ नका. ठिपका दिसला की उपटा आणि जाळून टाका. मी असो वा नसो. कळलं?"

"व्हय," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्या पावसाळ्यात पुन्हा आल्या नाहीत. जाळीघराच्या मागच्या खड्ड्यात अधूनमधून राख दिसायची आणि माझा वेळ वाचायचा.

पुढच्या वर्षी माझ्या कामाला यश आलं, असं मला वाटायला लागलं. ग्राहीला गप्प ठेवणारा तो कण ज्या जागी चिकटतो ती जागाच आम्ही जनुकात बदलून टाकली होती. आता कण चिकटूच शकत नव्हता. रोप कायम सावध. कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात असं रोप स्वतःच्याच पेशी मारत सुटतं. शत्रू आलेला नसतो, पण पानावर तांबूस, मेलेले ठिपके पडतात. रोप खुजं राहतं. बहुतेक वेळा दाणा भरत नाही, हातात घेऊन चोळलं तर नुसती फोलपटं. शेकड्यांनी रोपं अशी मेली किंवा वांझ गेली. त्यातून सहा रोपं उरली. खुजी, ठिपकेवाली, पण त्यांना लोंब्या आल्या आणि दाण्यात दूध धरलं. करप्याची बुरशी मुद्दाम फवारली तरी ती त्यांना लागेना. माझ्या नेमणुकीची मुदत त्या दिवाळीत संपत होती. ती वाढायची तर या सहा रोपांचं बी हातात पडायला हवं होतं. घरी मी रोज फोनवर आईला त्या रोपांची तब्येत सांगायचे, आणि ती लेकीच्या बाळंतपणासारखी चौकशी करायची.

ही रोपं आतल्या बंद खोलीत दिव्यांखाली वाढलेली. मावशींचा तिथं संबंध नव्हता. पण दाणा भरायला ऊन लागतं, खोलीतले दिवे पुरत नव्हते. मी सहाही कुंड्या जाळीघरात, कोपऱ्यात, चांगलं ऊन येतं तिथं नेऊन ठेवल्या. नंबराच्या चिठ्ठ्या होत्याच. आमच्याकडे महालक्ष्म्या उभ्या राहतात, इकडे गौरी म्हणतात, त्यासाठी तीन दिवस गावी जायचं होतं. गाडीची वेळ झाली होती. मावशी त्या वेळी दुसऱ्या टोकाला पाणी घालत होत्या. मी लांबूनच हात हलवला, त्यांनीही हलवला. त्यांच्याशी बोलले नाही.

चौथ्या दिवशी आले तर कोपऱ्यात सहा कुंड्या, आत नुसती माती, वरून हातानं नीट सपाट केलेली.

मावशी धावतच आल्या. चेहरा उजळलेला. "ताई, सा कुंड्यांत करपा शिरला व्हता बगा. पार लोंबीपतूर ठिपके. घरी गौरी बसलेल्या, तरी मी रोज येऊन जात व्हते म्हनून घावला. लगोलग उपाटला, जाळला. न्हाई तर समदं जाळीघर गेलं असतं."

मी ओरडायला लागले. मजूर, वॉचमन, दुसऱ्या प्रयोगशाळेतले लोक, सगळे जमले. काय काय बोलले त्यातलं सगळं आठवत नाही, पण एक शब्द मी पुन्हा पुन्हा वापरला. अडाणी. अडाणी माणसांच्या हातात काम दिल्यावर हेच होणार. मावशींचा हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला. त्या खड्ड्याकडे बघत होत्या. मी खड्ड्यात उतरून राख चिवडली. एक दाणासुद्धा नव्हता. जाळायचं म्हटलं की त्या नीट जाळायच्या.

आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, लेखी अहवाल मागितला. छापील अर्ज होता. नुकसान काय, किती, केव्हा. आणि खाली एक रकाना, कारण. मी तिथं पेन टेकवलं आणि मला मागच्या पावसाळ्यातलं ते दारातलं बोलणं आठवलं. पुढे बरेच दिवस मी लोकांना आणि स्वतःलाही सांगत आले की तेव्हा आठवलं नव्हतं, रागाच्या भरात लिहिलं गेलं. खोटं आहे. स्पष्ट आठवलं. पेन टेकवलेल्या जागी शाईचा ठिपका मोठा होत गेला तेवढा वेळ मी विचार केला. मी सांगितलं होतं असं लिहिलं असतं तर चूक माझी ठरली असती, आणि दिवाळीला माझं काय झालं असतं ते मला दिसत होतं. मी लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

तीन-चार दिवसांनी सरांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. मी खुर्चीवर बसले. मावशींना बसा कुणी म्हटलं नाही, मीही नाही. त्या दाराजवळ उभ्या राहिल्या.

"मावशी, रोपं तुम्ही उपटलीत?" सरांनी विचारलं.

"व्हय. मीच."

"उपटायच्या आधी मॅडमना विचारलं होतं का?"

"न्हाई. त्या गावाला गेल्या व्हत्या."

"फोन करायचा. विचारायला नको का?"

मावशींनी मान वळवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीही नव्हती, कुणी काही सांगणार असेल तेव्हा आपण पाहतो तसं पाहिलं. तेवढ्यात चहा आला. कपबशी माझ्यापुढे ठेवली गेली, आणि मी तिच्यात बघत बसले. सर म्हणाले ठीक आहे, या तुम्ही. दार लागल्याचा आवाज आला तेव्हा मी मान वर केली.

केंद्राला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारानं सोमवारपासून त्यांना येऊ नका सांगितलं. माझी मुदत दिवाळीत वाढली. इतकं नुकसान सोसूनही ही मुलगी खचली नाही, असं सर एका बैठकीत म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही आभार मानले.

मावशींच्या जागी ठेकेदारानं लांबून आणलेली माणसं लावली. कामाला वाघ. पाणी वेळेवर, तण साफ. पण पानाकडे कुणी बघायचं नाही, आणि बघितलं तरी त्यांच्या मुलखात भात नव्हता. पुढच्या पावसाळ्यात करपा शिरला तो आम्हाला कळला तेव्हा निम्मं जाळीघर पिवळं पडलं होतं. मी रोज दोनदा फेरी मारत होते. माझ्या शिक्षणात ग्राहीचं आतलं टोक कितव्या जागी फॉस्फेट धरतं हे होतं, पण सुईच्या टोकाएवढा ठिपका कसा ओळखायचा हे नव्हतं.

उरलेल्या जुन्या बियाण्यातून पहिल्यापासून सगळं पुन्हा सुरू केलं. दुसरं वर्ष सरता सरता तशी तीन रोपं मिळाली. या वेळी मी ती आतल्या खोलीत कुलपात ठेवली. एका सकाळी त्यांच्या पानांवर ठिपके उमटलेले दिसले. ठिपके रोपाचेच, की खरंच करपा? या रोपांवर बुरशी अजून फवारून पाहिली नव्हती. मी भिंग घेतलं. कळेना. पान उजेडात धरलं. कळेना. शेवटी एक तुकडा कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली घालून दुपारपर्यंत बसले तेव्हा खात्री पटली की बुरशी नाही. ज्या रोपांवर मी सात वर्षं घालवली ती मला डोळ्यांनी ओळखता आली नाहीत, आणि एका बाईनं ती ओळखली नाहीत म्हणून मी तिला चारचौघांत अडाणी म्हटलं होतं. त्या दिवशी मी पुढचं काम करू शकले नाही. खुर्चीवर बसून रडले, आणि कुणी आलं तेव्हा डोळ्यांत रसायन उडालं असं सांगितलं. खोटं बोलायची एव्हाना सवय झाली होती.

वैशाखातल्या एका रविवारी मी त्यांच्या गावी गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बावधनहून बाकरवडी घेतली होती. ती पिशवी हातात घेऊन त्यांच्या अंगणात उभी राहिले तेव्हा मला स्वतःचीच शरम वाटली. घर मोठं, वरच्या गच्चीवर भाडेकरूंचे शर्ट वाळत होते. मावशी ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन निवडत होत्या. दुकानातला तांदूळ.

"या मॅडम," त्या म्हणाल्या. आधी मला ताई म्हणायच्या. "बसा. पानी घ्या."

मी पाणी प्यायले, आणि उगीच तांदूळ कसा आहे विचारलं.

"इंद्रायनी म्हनून देत्यात. कुटली इंद्रायनी, वास न्हाई, काय न्हाई."

मग मी सांगितलं. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, ते तोंडात आल्यावर विस्कटलं. ती रोपं रोगट नव्हती, असं सांगितलं. त्यांच्यातला राखणदार गप्प बसायचा थांबला होता, म्हणून ती आपलं आपणच अंग जाळून घेत होती, असं सांगितलं. ठिपके हुबेहूब करप्यासारखे, मलासुद्धा परवा सूक्ष्मदर्शक लावल्यावाचून कळले नाहीत. आणि मीच तुम्हाला म्हटलं होतं, विचारायला येऊ नका, उपटा. ते मी अहवालात लिहिलं नाही. मला आठवत होतं तरी लिहिलं नाही.

मावशींचा हात सुपात थांबला होता.

"म्हंजे करपा न्हवता त्यो?"

"नव्हता."

"पन दिसाया करपाच."

"हो. कुणीही असतं तरी उपटली असती."

मला वाटलं त्या रागावतील. खरं सांगते, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, डोळं गेलं माझं," त्या म्हणाल्या. "तुमी येवढं शिकल्यालं, तुमी म्हनला चांगली रोपं उपाटली, म्हंजे उपाटलीच असतील. गावात बी समद्यांना कळलं. धाकटा दीर हाय माझा, त्याचं खाचर हाय अजून वढ्याकडंला. मी ह्या घरात आले तवापासनं त्याचं रोप मी बघितलंय. गेल्या साली त्यानं बोलावलं न्हाई. मी बी गेले न्हाई. भाजी घेताना सुदिक दोनदा बघते आता, किडकी तर न्हाई न्हवं. सुनंला इचारते."

मी म्हटलं, "मावशी, मी उद्याच सरांना सांगते. लेखी देते. तुम्हाला परत कामावर घ्यायला लावते."

"सर कोन माझं?" त्या म्हणाल्या. सूप बाजूला ठेवून उठल्या आणि चपला पायात सरकवल्या. "दिराच्या दारात चला. त्याला सांगा."

दोघी निघालो. ऊन रणरणत होतं. त्या पुढे, मी मागे, त्यांची चाल मला झेपत नव्हती. वाटेत दोन जणींनी विचारलं कुठं निघालात, तर त्या म्हणाल्या, "मॅडम आल्यात, कामाचं हाय." हे त्यांनी जरा मोठ्यानं सांगितलं.

दीर अंगणात बाजेवर बसला होता. पन्नाशी उलटलेला, अंगात बनियन, हातात मोबाईल. मावशींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भावजी, ह्या मॅडम काय म्हंत्यात ऐका." मग माझ्याकडे बघून मान हलवली.

मी सांगितलं. या वेळी जुळवाजुळव केली नाही. म्हटलं, रोपं वहिनींनी उपटली ती माझ्या हुकमानं. त्यांची नजर चुकली नव्हती. चूक माझी होती आणि मी ती त्यांच्या नावावर घातली.

त्यानं नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. मोबाईल खाली ठेवला, आत वळून चहा टाकायला सांगितला आणि मावशींकडे न बघता म्हणाला, "बरं झालं मॅडम, तुमी सोता येऊन सांगितलं. पन वैनी, आता त्याचं काय? यंदा राब तरी कुटं भाजलाय आमी? रोप टाकायचंच न्हाई. वढ्याकडचं खाचर इकलं, इसार बी झाला, शिमग्यात. तुमाला सांगायचं राह्यलं."

या दिवसांत इकडे भातवालं घर पाऊस यायच्या आधी रोपाची जागा पालापाचोळा टाकून भाजून काढतं, त्याला राब म्हणतात. त्या वाफ्याचा धूर दिसला नाही हे मावशींच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला असावा. आपल्याला बोलवायचं नाही म्हणून लांब कुठंतरी भाजला असेल, असा. चहा आला. बशीत ओतून त्यांनी तो सगळा प्यायला, मीही प्यायले. दीर तिथं सोसायटी बांधणारे लोक कसे चांगले आहेत, रस्ता किती फूट सोडणार आहेत, ते सांगत राहिला.

परत येताना त्या हळू चालत होत्या. ओढ्याकडच्या वळणावर थांबल्या. पलीकडे ते खाचर होतं, चारी कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेले दगड पुरलेले. मी पुन्हा म्हणाले की मी सरांना सांगते, सगळ्यांना सांगते, पाहिजे तर ग्रामपंचायतीत येऊन सांगते. माझं बोलणं थांबेना. त्या ते संपायची वाट बघत उभ्या राहिल्या.

"त्या दिशी सरांच्या खोलीत मी तुमच्या तोंडाकडं बघत व्हते," त्या म्हणाल्या. "तुमी समोर बसलेल्या, मंग मी कसं म्हनावं का ह्यांनीच सांगितलं व्हतं? म्हनलं, त्याच सांगतील. आता सांगतील, मंग सांगतील. भाईर गेले तरी दाराशी उभी व्हते मी, कोन हाक मारतंय का म्हनून."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तितं बोलायचं व्हतं मॅडम," त्या म्हणाल्या. "हितं आता कुटं रोप हाय?"

मग त्या चालायला लागल्या. माझी स्कूटर त्यांच्या अंगणात होती, त्यामुळे मलाही त्यांच्या मागूनच जावं लागलं.